झिऱ्याचे दगड

तोगोईच्या लाजेचं आमच्या भागात इतकं कौतुक झालं की पुढे पुढे कुणी तो विषय काढला की तो उठून उंटांकडे निघून जायचा. लोक म्हणायचे, बघा, याला स्वतःची स्तुती ऐकायचीसुद्धा लाज वाटते. खरं कारण निराळं होतं. ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि ते त्याला झोपू देत नव्हतं.

आमच्या बोर्कू मुलखात जावयाने सासूसमोर कसं वागावं हे कुणी शिकवत नाही, ते अंगात मुरलेलंच असतं. तिच्यासमोर खायचं नाही, प्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, आणि तिचं नाव तर जीव गेला तरी तोंडातून काढायचं नाही. वाटेत दिसली की वाट सोडायची, उंटावरून उतरून पाठ करून बसायचं आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पटक्याचं टोक तोंडावर ओढून ठेवायचं. सगळेच हे पाळतात. पण तोगोई जरा अतीच करायचा, हे सांगितलंच पाहिजे. एकदा सासू लेकीकडे, म्हणजे त्याच्याच घरी, बाजरी कुटायला आली, तर हा पठ्ठ्या दुपारभर तंबूमागे उन्हात बसून राहिला. घसा कोरडा पडला तरी पाणी मागवलं नाही, कारण चटईपलीकडे घोट घेतल्याचा आवाज गेला असता. त्याची बायको झेनाबा मैत्रिणींना हे हसत हसत सांगायची, पण सांगताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती आणि सासूने जावयाचा चेहरा एकदाही धड पाहिला नव्हता.

धंद्याने तो वाटाड्या. फाया या बाजारगावापासून दोन दिवसांवर आमच्या वाळवंटात एकात एक अशा गोल टेकड्यांची जोडी आहे, तिला आम्ही खुंटा म्हणतो. बाहेर एक मोठं कडं, आत एक लहान कडं आणि मधोमध बुटका उंचवटा. वाऱ्याने खाऊन खाऊन दोन्ही कडी जागोजाग फुटलेली, मधल्या खोलगटात वाळू साचलेली. जुनी माणसं सांगतात की जगातली पहिली सांडणी इथे बांधून ठेवली होती. ती खुंट्याभोवती फिरत राहिली, दावं लांब होतं तेव्हा मोठं रिंगण पडलं आणि दावं गुंडाळलं गेलं तसं लहान. परदेशी माणसं येतात ती सांगतात की आकाशातून धोंडा पडला, माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी. तोगोई दोन्ही गोष्टींना मान डोलवायचा. दोघेही चहा पाजतात, मग भांडायचं कशाला, असं त्याचं म्हणणं.

आतल्या कड्याच्या पायथ्याशी, सावलीत, एक झिरा होता. दुष्काळाच्या एका वर्षी झेनाबाच्या आजोबांनी, म्हणजे सासूच्या वडिलांनी, तो खणला होता आणि कड्यावरचेच दगड उतरवून आतून बांधून काढला होता. त्या दगडांवर एका टोकातून फाकत गेलेल्या बारीक रेघा होत्या, खराट्याने अंगण झाडल्यावर उमटतात तशा. लहानपणी सासू ते दगड बापाच्या हाती देत होती, असं झेनाबा सांगायची. आमच्याकडे पाणी सगळ्यांचं असतं, तहानलेल्याला कुणी अडवत नाही. पण बांधकाम ज्या घराचं त्या घराचं. त्या घराला विचारल्याशिवाय दगड हलवायचा नाही.

त्या वर्षी थंडीच्या दिवसांत दोन गाड्या भरून परदेशी अभ्यासक आले. त्यांची म्होरकी एक वयस्क बाई होती, कमरेला हातोडी, गुडघे दुखायचे तरी दिवसभर कड्यावर चढ-उतर करायची. तिला रेघांचे दगड हवे होते, आकाशातून धोंडा पडल्याची ती खूण म्हणे. पण वरचे सगळे दगड वाऱ्याने गुळगुळीत झालेले, त्यांच्यावरच्या रेघा पुसट. तोगोई पाणी काढायला झिऱ्याशी गेला तेव्हा ती मागोमाग आली आणि आत डोकावून लहान मुलीसारखी हसली. आतले दगड वाऱ्यापासून जपलेले, त्यांच्या रेघा काल कोरल्यासारख्या ताज्या होत्या. तिने दुभाष्याला बोलावलं आणि रीतसर विचारलं, हे दगड कुणाचे आहेत, आणि थोडे न्यायचे असतील तर कुणाला विचारावं लागेल.

तिने विचारलं होतं, हे तोगोई पुढे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगायचा. बाईचा काही दोष नव्हता.

दगड कुणाचे हे सांगायचं म्हणजे सासूचं नाव घ्यायचं. ते तर शक्यच नव्हतं. 'माझ्या बायकोच्या घरचे' असं म्हणता आलं असतं, पण मग दोन दिवसांची वाट तुडवून मेहुण्याला गाठायचं, मेहुण्याने आईला विचारायचं, ती नाही म्हणणार हे ठरलेलं, आणि मग या बाईला तोंड काय दाखवायचं? चार दिवस ती त्याला म्हणत होती की तुझ्यासारखा वाटाड्या मी पाहिला नाही. तोगोईला ते गोड लागलं होतं.

"कुणाचेच नाहीत," तो म्हणाला.

बाईने हलक्या हाताने आठ दगड काढले. भिंत ढासळणार तर नाही ना, असंही विचारलं. त्याने नाही म्हटलं आणि त्या खाचांत हाताला लागतील ते दुसरे गोटे कोंबले. मंडळी उत्तरेला जाऊन तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतली तेव्हा त्याने एकट्याने जाऊन पाहिलं. एक बाजू खचली होती, तिच्या मागोमाग वाळू उतरली होती आणि झिऱ्याच्या जागी एक उथळ खळगा उरला होता. गाड्यांत पिंपं भरून पाणी होतं, त्यामुळे पाहुण्यांनी विचारलंही नाही. तोगोईने मनाशी ठरवलं, उंट मोकळे झाले की मेहुण्याला, कोस्सोला, आणू, गुपचूप उपसू, वाळूने बुजला म्हणून सांगू. घरी येऊन मात्र तो मूग गिळून बसला.

आमच्याकडे वाटेत दोन माणसं भेटली की तब्येतीच्या, उंटांच्या, लेकराबाळांच्या चौकशा लांबलचक चालतात, पण त्यांच्या आधी पाण्याची खबर द्यायची असते. कुठला झिरा जिता, कुठला मेला, कुठे किती हात दोर लागतो. वैऱ्यालासुद्धा ही खबर द्यावी लागते. खबर लपवणाऱ्याच्या घरी कुणी मुलगी देत नाही.

त्या फेरीनंतर नऊ दिवसांनी तोगोई फायाहून चहा-साखर घेऊन घरी येत होता. खुंट्याकडे जाणारी वाट जिथे फुटते तिथे समोरून एक गाढव आणि त्याच्यामागे एक बाई दिसली. चालीवरूनच त्याने ओळखलं. सासूच्या दोन सांडण्या दक्षिणेला भरकटल्या होत्या, हे त्याने फायात ऐकलं होतं. तो सांडणी बसवून उतरला, वाटेपासून वीस पावलं दूर गेला, पाठ करून बसला आणि पटका तोंडावर ओढला. तिनेही, रीतीप्रमाणे, मान फिरवली असणार.

डोळे झाकले तरी कान उघडे असतात. गाढव जवळून गेलं तेव्हा त्याला पखालींचा आवाज आला. भरलेली पखाल डुचमळते. या पखाली गाढवाच्या कुशीवर फटफट आपटत होत्या. एकीत घोटभर असेल, दुसरी पार रिकामी. म्हणजे ती खुंट्याला पाणी भरणार होती, बापाच्या झिऱ्यावर.

सासूशी बोलता येत नाही, पण त्यावरही आमच्याकडे तोड आहे. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यासाठीचा निरोप माणूस जवळच्या जनावराला किंवा दगडाला मोठ्याने सांगतो, आणि ज्याने ऐकायचं तो ऐकतो. तोगोईच्या जिभेवर ते आलं होतं. सांडणीला एवढंच म्हणायचं होतं, की खुंट्याचा झिरा मेलाय. पण मग ती थांबली असती आणि तिने गाढवाला विचारलं असतं की कसा मेला, कधी मेला, कुणी पाहिला. तिच्यापुढे खोटं टिकत नसे. पावलांचा आवाज दूर जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला, आणि लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, वा, काय ही मर्यादा.

उठून त्याने माग पाहिला. गाढवाचे खूर खुंट्याच्या वाटेला वळले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती इतकं अंतर होतं. एवढी जाणती बाई आहे, वाटेत मीठ वाहणारे उंटवाले भेटतील, कुणीतरी सांगेल, असं म्हणत तो सांडणीवर चढला. मिठाचे उंट त्या वाटेने जात नाहीत, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचला तेव्हा झेनाबाने आधी आईचंच विचारलं. वाटेत दिसली का, पखाली भरलेल्या होत्या का.

"मी तोंड झाकून बसलो होतो," तो म्हणाला.

झेनाबाने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या चहात साखर जरा जास्तच घातली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून वारा सुटला, उंटांची पिल्लं आडोशाला गेली. झेनाबा चटया आवळत म्हणाली की खुंट्याचा झिरा जवळ आहे म्हणून बरं, नाहीतर आईची काळजी वाटली असती. त्यावर तोगोई उठला. चार पखाली भरल्या, सांडणीवर खोगीर घातलं आणि तुझ्या आईच्या सांडण्या शोधायला मदत करतो म्हणून निघाला. झेनाबाला पुन्हा भरून आलं.

तो पोचला तेव्हा त्याच्या पुढच्या दिवसाची सकाळ उजाडली होती. गाढव बाहेरच्या कड्याच्या तोंडाशीच मरून पडलं होतं. सासू आत, झिऱ्याच्या खळग्यात, अर्धी वाळूखाली होती. तिने हातांनी खणलं होतं. कमरेइतकं खणलं होतं, आणि कडेची वाळू पुन्हा पुन्हा आत ओघळत राहिली होती.

तोगोईने पटका तोंडावर ओढला. या वेळी, या जागी, त्याने आधी तोंड झाकलं, ही गोष्ट आठवली की त्याला पुढे जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. तिचा श्वास चालू होता. त्याने डोळे मिटून तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चाचपडत पखालीचं तोंड तिच्या ओठांशी नेलं. डोळे मिटून पाणी पाजलं की निम्मं सांडतं. वाळूने ते पिऊन टाकलं. मग त्याने डोळे उघडले आणि तिचे हात पाहिले. बोटांना नखं उरली नव्हती. तिचे डोळे सुजून बंद झाले होते, म्हणून त्याचा चेहरा तिला त्याही वेळी दिसला नाही.

ती वाचली. आवाज मात्र घोगरा झाला तो कायमचा. आणि तोगोईचं जे कौतुक सुरू झालं, त्याला सीमा राहिली नाही. सासूला उचलून आणली, पण तोंडावरचा पटका ढळू दिला नाही! बायका लग्नाच्या गाण्यांत त्याचं नाव गुंफू लागल्या. आया मुलींना सांगायच्या, जावई असावा तर असा. सासूने स्वतः चटईआडून लेकीला सांगितलं की तुझ्या नवऱ्याने मर्यादाही राखली आणि जीवही राखला, वाऱ्याने झिरा खाल्ला त्याला तो काय करणार. झेनाबाने ते शब्दन् शब्द त्याला येऊन सांगितले. त्या दिवशी तो जेवला नाही. लोकांना तीही मर्यादाच वाटली.

सासू उठून बसू लागली तशी तिने एकच गोष्ट लावून धरली. झिरा उपसायचा. बापाचे दगड खाली पडलेत, ते काढायचे आणि पुन्हा रचायचे. कोस्सो, तोगोई आणि झेनाबा असे तिघे तिला घेऊन खुंट्याला गेले. सासू कड्याच्या सावलीत झिऱ्याकडे पाठ करून बसायची, म्हणजे जावयाला खाली उतरून काम करता येईल. कोस्सो आणि तोगोई खणायचे, झेनाबा वाळू ओढायची. एकेक दगड वर आला की झेनाबा तो आईच्या हातात द्यायची. नखं नसलेल्या बोटांनी सासू रेघा चाचपायची आणि बाजूला ठेवायची.

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. कोस्सो खुशीत आला, पुरे आता म्हणाला. सासू म्हणाली, आठ कमी आहेत. प्रत्येक दगड तिने लहानपणी बापाच्या हाती दिला होता, तिला मोजायची गरज नव्हती. चौथ्या दिवशी आणखी हातभर खणलं. हाती लागले ते काही गोटे, बिनरेघांचे. झेनाबाने त्यातला एक आईच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ चाचपला आणि खाली ठेवला.

मग ती समोरच्या कड्याला उद्देशून बोलू लागली. कोस्सोला वाटलं आई बरळतेय. तोगोईला तसं वाटलं नाही. त्याच्या हातातलं फावडं थांबलं.

"खुंट्या, तू इथलाच आहेस, तुला विचारते," घोगऱ्या आवाजात ती म्हणाली. "वाऱ्याने दगड नेले म्हणावं, तर त्यांच्या जागी गोटे कोण कोंबून गेलं? बाहेरच्या कड्याशी गाडीच्या चाकांचे माग आहेत, ते मी येताना पाहिलेत. गाडीला इथवर वाट कोण दाखवतं, तेही मला ठाऊक आहे. ते जाऊ दे. मला दुसरंच विचारायचंय. त्या दिवशी वाट फुटते तिथे एक माणूस पाठ करून बसला होता. माझ्या पखाली वाजत होत्या. त्याला सांडणी नव्हती का रे? सांडणीला तरी सांगायचं."

झेनाबा आईकडे आणि मग नवऱ्याकडे पाहत राहिली. सासूने कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आरोप केला नव्हता, दगडाशी बोलली होती. तोगोईला गप्प बसता आलं असतं, आणि रीत त्याच्याच बाजूने होती. कड्याकडे तोंड करून दोन शब्द पुटपुटले असते तरी भागलं असतं.

तो झिऱ्यातून वर आला. चालत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. तोंडावरचा पटका त्याने खाली ओढला आणि एकवीस वर्षांत जे नाव उच्चारलं नव्हतं ते घेतलं.

"मार्दिये, ते दगड तुमच्या वडिलांचे होते. मला विचारलं, कुणाचे, तर मी म्हणालो, कुणाचेच नाहीत. झिरा मेलाय हे मला माहीत होतं. तुमच्या पखालीही ऐकल्या. मी मर्यादेसाठी गप्प बसलो नाही, सापडेन म्हणून बसलो."

नाव ऐकताच झेनाबाच्या हातातली वाळूची टोपली निसटली. कोस्सोचा हात दंडाला बांधलेल्या सुऱ्याकडे गेला. सासूने मान वर केली आणि जावयाचा चेहरा पाहिला, घामाने आणि वाळूने माखलेला, दाढीत पांढरे केस आलेला. बराच वेळ पाहिला. मग ती पुन्हा कड्याकडे वळली.

"त्याला म्हणावं, तोंड झाक," ती म्हणाली.

तोगोईने तोंड झाकलं. कोस्सोचा हात खाली आला, पण त्या दिवसापासून तो तोगोईबरोबर एका ताटात जेवला नाही. झेनाबा त्याला टाकून गेली नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायची, जाऊन कुठे जाऊ. त्याच्या चहात मात्र साखर मोजकी पडू लागली. लग्नाच्या गाण्यांतून त्याचं नाव गळालं, आणि काही दिवसांनी दुसऱ्या तऱ्हेच्या गाण्यांत आलं, जी बायका धान्य कुटताना हसत हसत म्हणतात. परदेशी गाड्या आल्या तर तो दुसऱ्या वाटाड्याकडे बोट दाखवतो. एका खेपेला त्याने दुभाष्याबरोबर त्या बाईला निरोप धाडला की दगडांना मालक आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तो कड्यावरून रेघांचे दगड शोधून आणतो, एका वेळी एक, आणि झिऱ्याशी ठेवून निघून येतो. सासू नंतर जाऊन ते पाहते म्हणे. काही लावते. काही तिथेच पडलेले असतात.

परवाचीच गोष्ट. तो झिऱ्याशी दगड ठेवून येत होता आणि वाट फुटते तिथे समोरून सासू आली, नव्या गाढवामागे. तोगोई उतरला, वीस पावलं दूर गेला, पाठ करून बसला, पटका ओढला. गाढव जवळ आलं तेव्हा त्याने सांडणीच्या मानेवर हात ठेवला आणि लांबवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिला सांगितलं, "खुंट्याच्या झिऱ्याला पाणी आहे. काल पाहिलं. चार हात दोर लागतो, पाणी गोड आहे."

पावलं थांबली. पखाली गाढवाच्या कुशीवर फटफटल्या.

"ऐकलंस?" सासूने गाढवाला विचारलं. "चल. आपण आपले जाऊन बघू."